पोटावर स्टेथोस्कोप ठेवून ऐकत राहिलेल्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात पोरीचं डोकं दुखायला लागलं तेव्हा घरीदारी सगळे म्हणाले, ऊन लागलं. पन्हं दिलं, खिशात कांदा ठेवला. बीपी १८० वर गेलं तरी एका दवाखान्यात ‘अभ्यासाचं टेन्शन आहे, मीठ कमी करा’ एवढंच सांगितलं. या वयात एवढं बीपी कशामुळे, हे विचारणाऱ्या पहिल्या तुम्हीच.

तुम्ही दोन्ही हातांचं बीपी घेतलं, मग मांडीला पट्टा बांधून पायाचं. पायाचं कमी आलं. बेंबीच्या वर स्टेथोस्कोप ठेवून तुम्ही बराच वेळ ऐकत राहिलात, आणि मग तो माझ्या कानाला लावलात. प्रत्येक ठोक्याला सूं... सूं. रक्त अरुंद जागेतून जाताना असा आवाज येतो म्हणालात. सीटी अँजिओग्राफीत तेच निघालं: पोटातली महाधमनी आणि डाव्या किडनीची रक्तवाहिनी आक्रसलेली. ताकायासु आर्टरायटिस, म्हणजे मोठ्या धमन्यांच्या भिंतींना सूज येऊन त्या अरुंद होण्याचा आजार.

घरी वाचलं तर ‘नाडी न लागणारा आजार’. हिची नाडी तर चांगली लागत होती! ओपीडीत एवढी गर्दी असूनही तुम्ही कागदावर धमनी काढून समजावलंत. १९०८ साली जपानचे नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासु यांनी एका तरुणीच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांतले बदल मांडले, तिथून हे नाव आलं. जपानी रुग्णांत हा आजार जास्त करून महाधमनीच्या हृदयाजवळच्या कमानीला धरतो, म्हणून मनगटाची नाडी जाते, चक्कर येते. आपल्याकडे तो पुष्कळदा खाली, पोटातल्या धमनीला आणि किडनीच्या वाहिन्यांना धरतो. किडनीला रक्त कमी पडलं की बीपी चढतं, आणि आधी दिसतं ते बीपीच. एचएलए-बी५२ हा जनुकप्रकार दोन्हीकडच्या रुग्णांत जास्त सापडतो, तरी आजाराचं रूप एवढं निराळं. नाडी जायची वाट बघत बसलो असतो तर किडनीचं काय झालं असतं, या विचाराने आजही पोटात गोळा येतो.

स्टेरॉइडने चेहरा सुजेल हे तुम्ही तिला आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून आरशासमोर ती खचली नाही. सूज आटोक्यात ठेवणारं मेथोट्रेक्सेट हे औषध चालू आहे. आजार शांत झाल्यावरच बलून फुगवून आक्रसलेली वाहिनी रुंद करू म्हणालात, तसंच केलंत. आता बीपी १२४ आहे.

तिची फाइल आणि सीटीच्या फिल्म तुमच्या विद्यार्थ्यांना शिकवायला जरूर वापरा. मी स्वतः येते म्हणते ती. दिवस तेवढा कळवा.

आपली ऋणी,
एक आई, महाल, नागपूर