गाडी आहे तशी विकण्याविषयी

ती. आई व ती. बाबा यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर गाडीचा विषय काढला की बाबा "बघू, घाई काय आहे" असे म्हणून फोन आईकडे देतात आणि आई लगेच माझ्या जेवणाची चौकशी सुरू करते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. कराडच्या गॅरेजमध्ये उभी असलेली आपली गाडी गिअरबॉक्स दुरुस्त न करता, आहे त्या स्थितीत विकायची, असे मी ठरवले आहे आणि घेणाऱ्याकडून इसारही घेतला आहे. गाडी बाबांच्या नावावर आहे, त्यामुळे शेवटची सही त्यांचीच लागेल. पण सही करण्यापूर्वी माझी कारणे पूर्ण वाचावीत, एवढीच विनंती.

कुंभार्ली घाटात पोफळीच्या वर गाडीने जे केले, ते आईने बाबांना "जरा दम लागला गाडीला" एवढ्याच शब्दांत सांगितले असणार. प्रत्यक्षात इंजिनच्या फेऱ्यांचा काटा चार हजारांच्या वर चढत होता, आवाज वाढत होता आणि चाके मात्र त्या मानाने पुढे जात नव्हती. मागे उसाचा ट्रक होता. हाताच्या गिअरच्या गाडीत गिअरबॉक्समधले तेल मुख्यतः वंगणाचे काम करते. आपल्या ऑटोमॅटिकमध्ये तेच तेल टॉर्क कन्व्हर्टरमधून, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या भागातून, इंजिनची ताकद पुढे नेते, त्याच्याच दाबाने आतल्या क्लच प्लेटा आवळल्या जातात आणि तेच आतली उष्णता बाहेर काढते. प्लेटा घसरू लागल्या की उष्णता वाढते, उष्णतेने तेल खराब होते, आणि खराब तेलामुळे प्लेटा आणखी घसरतात. नवे तेल लाल असते. मिस्त्रींनी काढून दाखवलेले तेल तपकिरी होते, त्याला जळका वास येत होता आणि पॅनमधल्या लोहचुंबकावर चुऱ्याचा जाड थर बसला होता.

बाबा म्हणतील की गाडी कधी दामटली नाही, सर्व्हिसिंग कधी चुकवले नाही. ते खरेच आहे. माझ्या आणि मिस्त्रींच्या मते याचे मूळ 2021 च्या जुलैत आहे. चिपळूणच्या त्या पुरात गाडी बाळाकाकांच्या दारात सीटपर्यंत पाण्यात होती. (त्या रात्रीविषयी आपण बोलत नाही, तेव्हा इथेही लिहीत नाही.) गिअरबॉक्सला हवा खेळण्यासाठी वरच्या बाजूला एक लहानशी नळी असते; ती बुडाली की पाणी आत जाते. त्यानंतर एका गॅरेजने तेल बदलून दिले, पण खालचा बोल्ट काढल्यावर सगळे तेल बाहेर येत नाही, बरेचसे कन्व्हर्टरमध्येच राहते. ते एकदाच बदलून भागत नाही, पुन्हापुन्हा बदलून पाण्याचा अंश घालवावा लागतो. क्लच प्लेटांवरचे अस्तर कागदासारखे असते आणि डिंकाने चिकटवलेले असते. पाणी त्या अस्तरात शिरते, डिंक हळूहळू सुटतो आणि गाडी पुढे दीड-दोन वर्षे बरी चालते म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. पडवीतून मागे घेताना रिव्हर्स उशिरा पडू लागला होता, तो यातलाच प्रकार.

दुरुस्तीचा विचार मी केला नाही असे समजू नका. पूर्ण गिअरबॉक्स खोलून नव्या प्लेटा, सील आणि कन्व्हर्टर घालायचे तर गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त खर्च येतो, आणि तेलाचा दाब वाटून देणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीत चुरा अडकलेला असेल तर तो आकडा वाढतो. कुर्ल्याच्या बाजारातून जुना गिअरबॉक्स आणण्याचे बाळाकाकांनी सुचवले. स्वस्त पडेल, पण तो कोणत्या गाडीचा, किती फिरलेला आणि कोणत्या पाण्यात बुडालेला, हे कोण सांगणार? नुसते तेल बदलून बघू, हा बाबांचा पर्याय मिस्त्रींनीच नाकारला, कारण प्लेटांवर अस्तरच उरले नसेल तर नवे तेल ते परत आणत नाही. विम्यातूनही काही मिळणार नाही. झीज आणि यंत्रातला बिघाड पॉलिसीत धरत नाहीत. शिवाय नोंदणीची 15 वर्षे 2027 मध्ये पूर्ण होतील आणि पुढच्या 5 वर्षांसाठी आरटीओची तपासणी, पर्यावरण कर हे सगळे आलेच. इतका खर्च करून हाती जे येईल, त्यावर गुहागरहून डेरवणच्या रुग्णालयात रात्री-अपरात्री जाण्याचा भरवसा मला ठेवता येत नाही.

घेणाऱ्याला गिअरबॉक्सचा दोष आणि पुराची हकिकत दोन्ही लेखी दिले आहे, त्यामुळे किंमत कमी आली. बाबांनीही हेच केले असते, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

बाबा, गाडीत तुमचा जीव आहे हे मला कळते. लहानपणी याच घाटात मी तुमच्या डाव्या हातावर माझा हात ठेवून गिअर बदलायचे, आणि तुम्ही "आता दुसरा" म्हणालात की तो मीच टाकला असे मला शाळेत सांगता येत असे. तुमच्या गाडी चालवण्यावर माझा आजही तितकाच विश्वास आहे. प्रश्न फक्त डाव्या गुडघ्याचा आहे, आणि म्हणून पुढची गाडीही ऑटोमॅटिकच असेल.

अर्टिगा बुक केली आहे, पेट्रोलची, सहा गिअरांची, टॉर्क कन्व्हर्टर असलेली. सीएनजीची हवी होती हे ठाऊक आहे, पण ती हाताच्या गिअरचीच येते. ज्यात साधा गिअरबॉक्सच मोटर लावून आपोआप चालवतात, त्या स्वस्त ऑटोमॅटिक गाड्या चढावर गिअर बदलताना अडखळतात, म्हणून त्या घेतल्या नाहीत. आई, मधली सीट पुढे-मागे सरकते आणि पाठही कलते. तुला पाय लांब करून बसता येईल आणि मागेही थंड हवा येते. शहाळी आणि सुपारीची पोती यांसाठी शेवटची सीट पाडता येते. तुझी उशी आणि ती जुनी चादर कराडहून मी आणली आहे, धुऊन ठेवली आहे.

गाडी येईपर्यंत शृंगारतळीला रिक्षानेच जायचे आहे. डेरवणच्या तपासणीच्या दिवशी भाड्याची गाडी मी इथून सांगेन, तिचे पैसे तुम्ही देऊ नयेत. बाबा, बाळाकाकांची जीप "जवळच तर जायचे आहे" म्हणून घेऊ नका. तिचा क्लच दाबताना तरुण माणसाचाही गुडघा दुखतो.

नव्या गाडीच्या काही गोष्टी आताच सांगते. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्समधून ड्राइव्हमध्ये टाकायची नाही. चढावर उभी करताना आधी हँडब्रेक ओढायचा, मग 'पी'. 'पी'मध्ये गिअरबॉक्स आतून अडवणारी एकच लहान खिट्टी असते, सगळा भार तिच्यावर पडू द्यायचा नाही. उतारावर पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रल करण्याची सवय सोडावी लागेल, कारण इंजिनचा आधार सुटतो आणि ब्रेक तापतात. घाटात खालचाच गिअर लावायचा. पाण्यातून न्यायची वेळ आली तर थांबायचे, दुसऱ्याने घातली म्हणून आपण घालायची नाही. आणि गिअरबॉक्सचे तेल जन्मभर चालते असे कोणी सांगितले, तरी घाट, उकाडा आणि दमट हवा पाहता ते 60,000 किलोमीटरच्या आत बदलायचे आहे. त्याची नोंद मी ठेवीन, बाबांनी फक्त मला किलोमीटर कळवायचे.

सोबत गाडी घेणाऱ्याच्या नावावर करण्याचे कागद, म्हणजे फॉर्म 29 च्या दोन प्रती आणि फॉर्म 30 आहे. पेन्सिलीने खुणा केल्या आहेत तिथेच सही करा, आणि ती आरसीच्या वेळी केली होती तशीच पूर्ण करा, बँकेतली छोटी नको. आरसी घेणाऱ्याच्या नावावर झाली की नाही, हे मी शेवटपर्यंत पाहणार आहे, कारण तोवर अपघाताची जबाबदारी कागदावर तुमचीच राहते. विम्याचा नो क्लेम बोनस नव्या गाडीला लावून घेता येतो, तो वाया जाणार नाही. फास्टॅगही बंद करून घेते.

आईची रक्तदाबाची गोळी सकाळी चहाआधी, हे बाबांनी पाहावे.

तुमची,
सुमी

ता. क. : पाकीट कुरिअरने पाठवा, एसटीच्या ओळखीच्या कंडक्टरकडे देऊ नका. सोबत आधार आणि पॅनच्या झेरॉक्स लागतील, त्या दोन्हींवरही सही हवी.