चुंबकांचे कारखाने येण्याआधी नद्यांचे पाणी तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चीनने एप्रिल २०२५ मध्ये सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या निर्यातीवर निर्बंध आणले आणि ‘रेअर अर्थ’ हा विषय एकदम पहिल्या पानावर आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राने या धातूंची चुंबके देशात बनवण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. ई-कचऱ्यातून महत्त्वाची खनिजे परत मिळवण्याची १,५०० कोटींची योजना त्याआधीच आली होती. दोन्ही योजना हव्याच होत्या. पण आजवरच्या चर्चेत कारखान्याबाहेर पडणाऱ्या पाण्याविषयी आणि त्यातल्या जिवांविषयी माझ्या तरी काही वाचनात आले नाही.

जर्मनीत ऱ्हाईन नदीवर काय झाले ते पाहा. वर्म्स शहराच्या पुढे नदीत लँथॅनम आणि सॅमेरियम ही याच गटातली दोन मूलद्रव्ये अचानक वाढलेली ब्रेमेनच्या भूरसायन अभ्यासकांना आढळले. माग काढत ते तेलशुद्धीकरणासाठी उत्प्रेरक बनवणाऱ्या एका कारखान्याच्या सांडपाण्यापर्यंत पोहोचले. सांडपाणी नदीत मिसळते तिथले लँथॅनमचे प्रमाण जलचरांवर परिणाम दिसून येणाऱ्या पातळीच्या वर होते. त्याचा माग पुढे नेदरलँड्सपर्यंत लागला. हे निष्कर्ष २०११ आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. एवढ्या निगराणीतल्या नदीत हे उघडकीला आले, तेही कोणीतरी मुद्दाम हे धातू मोजले म्हणून.

अपाय होतो कसा? लँथॅनमचा आयन आकाराने जवळपास कॅल्शियमच्या आयनाएवढाच असतो, प्रभार मात्र जास्त. त्यामुळे पेशीत कॅल्शियम शिरण्याच्या वाटा तो अडवतो; शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगांत याच कामासाठी तो मुद्दाम वापरला जातो. मासे कल्ल्यांवाटे पाण्यातून कॅल्शियम घेतात, शिंपले त्यावर कवच बांधतात. सी-अर्चिन या काटेरी समुद्री जिवाच्या भ्रूणांची वाढ बिघडल्याचे, डॅफ्नियासारखे इवले जलचर दगावल्याचे प्रयोगांत दिसले आहे. शेवाळावरचे निष्कर्ष मात्र जपून वाचायला हवेत. हे धातू पाण्यातले फॉस्फेट बांधून तळाशी नेतात, त्यामुळे शेवाळ विषाने खुंटले की उपासमारीने, हे ठरवणे अवघड जाते. ऑस्ट्रेलियात विकसित झालेली लँथॅनमयुक्त माती तलावातले शेवाळ आवरण्यासाठी टाकतात, ती याच गुणामुळे.

खाणींजवळच्या प्रत्येक मेलेल्या माशाचे खापर या धातूंवर फोडणेही बरोबर नाही. दक्षिण चीनमधल्या जियांग्शीत डोंगरातच अमोनियम सल्फेट सोडून धातू काढले गेले. तिथल्या ओढ्यांत अमोनियाही उतरला, आणि तोही माशांना मारतो. आणि बहुतेक नद्यांत या धातूंचे प्रमाण आज अत्यल्प आहे, हेही खरे. म्हणूनच मोजणीला हीच वेळ योग्य आहे.

आपल्याकडे पिण्याच्या पाण्याचे मानक (आयएस १०५००) किंवा सांडपाण्याची सर्वसाधारण मर्यादा काढून पाहा. शिसे, पारा, कॅडमियम, क्रोमियम सगळे आहेत. लँथॅनम, सिरियम, निओडिमियम यांचे नावही नाही. यादीत नाव नाही म्हणजे मर्यादा नाही, मग नमुने घेणाऱ्याने शोधायचे तरी काय? परदेशातले आकडे उचलून इथे लावणेही पुरेसे नाही. दख्खनच्या बेसॉल्टवरून वाहणारे पाणी बहुधा दुष्फेन, म्हणजे कॅल्शियम जास्त असलेले, आणि किंचित अल्कधर्मी असते. तिथे हे धातू जिवांच्या शरीरात कमी शिरतात. कोकणातल्या जांभ्यावरचे ओढे सुफेन आणि आम्लतेकडे झुकणारे. एकच मर्यादा चिपळूणला आणि सोलापूरला सारखीच संरक्षक ठरणार नाही.

मोजणे आपल्याला अशक्य आहे असेही नाही. गोव्यात दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तिथल्याच मांडवी नदीच्या गाळातली ही मूलद्रव्ये मोजून लोहखनिज खाणींचा प्रभाव तपासला आहे. चुंबकांचा किंवा ई-कचऱ्यातून हे धातू काढण्याचा प्रकल्प राज्यात येणार असेल, तर पर्यावरण परवानगीतच एक अट घालावी: काम सुरू होण्यापूर्वी किमान एक वर्ष, पावसाळ्यासकट, नियोजित जागेच्या वर आणि खाली नदीचे पाणी, गाळ आणि शिंपले तपासावेत, खर्च प्रकल्पाचा, नमुने तिऱ्हाईत संस्थेने घ्यावेत आणि आकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाने जाहीर करावेत. नाहीतर उद्या तक्रार झाली की ‘हे धातू इथल्या मातीत आधीपासूनच होते’ हे उत्तर तयार असेल, आणि ते खोडायला कोणाकडेच कागद नसेल.

आपला,
एक वाचक, ठाणे