लूअर निवडण्याआधी माशाचे पोट पाहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कोकण किनाऱ्यावरील गळाच्या मासेमारीच्या छंदाविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. मुंबई-पुण्याकडची तरुण मंडळी सुट्टीच्या दिवशी रॉड खांद्यावर टाकून दाभोळ, जयगड, देवगडच्या खडकांवर उभी राहू लागली आहेत, याची दखल एका वृत्तपत्राने घ्यावी, याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र त्या लेखासोबतच्या चौकटीत नवख्यांसाठी ‘लाल डोक्याचा पांढरा लूअर कोणत्याही माशाला चालतो’ असा जो सल्ला छापला आहे (लूअर म्हणजे माशाला भुलवणारे बनावट आमिष), त्यामुळे पुष्कळ जणांचे पैसे आणि दिवस वाया जातील, असे मला वाटते. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझे गाव वाशिष्ठीच्या मुखाजवळ आहे. वडील हातदोरीने गरवत, म्हणजे गळाने मासे पकडत असत. रॉड आणि रीळ माझ्या हाती आले ते चाळिशी उलटल्यावर. वडिलांची एक सवय होती. घरी आणलेला मासा आई विळीवर घेई, तेव्हा ते शेजारी बसून त्याचे जठर वेगळे काढून घेत, नखाने उकलत आणि आत काय आहे ते केळीच्या पानावर मांडत. कधी बोयीची पिल्ले, कधी कोळंबी, कधी नुसते खेकड्याच्या पायांचे तुकडे. दुसऱ्या दिवशी गरीला (गळाला) काय लावायचे ते या पानावर ठरत असे. लहानपणी मला तो प्रकार किळसवाणा वाटे. आज माझ्याकडे जे काही ज्ञान आहे त्यातले निम्मे त्या पानावरचे आहे, आणि लूअरने मासेमारी करणाऱ्यालाही ते तितकेच लागू पडते, कारण लूअर म्हणजे शेवटी त्या पानावरच्या वस्तूची नक्कलच आहे.

एक प्रसंग सांगतो. तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात, उधाणाच्या दिवसांत, खाडीला मिळणाऱ्या एका पऱ्याच्या (लहान ओढ्याच्या) तोंडाशी मी संध्याकाळी उभा होतो. सुकती (ओहोटी) लागली होती, तिवरांतले पाणी झरझर बाहेर येत होते आणि अंधारात जिताडा खात असल्याचा आवाज दर दोन-चार मिनिटांनी येत होता. ज्यांनी तो ऐकला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, की रिकामा डबा पाण्यावर पालथा आपटावा तसा तो पोकळ आवाज असतो. जिताडा भक्ष्याचा लचका तोडत नाही. तो तोंड एकदम उघडतो आणि आत खेचल्या जाणाऱ्या पाण्याबरोबर भक्ष्य ओढून घेतो, त्याचा तो आवाज. मी सहा इंचांचा, आरशासारखा चकाकणारा, बराच महाग लूअर तासभर फेकत राहिलो. मासे माझ्या पायापासून दहा-बारा हातांवर खात होते आणि माझ्या लूअरला एकाने साधा धक्काही दिला नाही. त्याच वेळी पलीकडच्या दगडावर बसलेल्या आमच्या शेजारच्या काकांनी जिवंत कोळंबी लावून अडीच किलोचा जिताडा वर घेतला. त्यांनी तो आमच्याच अंगणात साफ केला. जठरात चौदा कोळंब्या निघाल्या. सगळ्या बोटाएवढ्या, बहुतेक अख्ख्या, काहींचे डोळे अजून काळे चकचकीत. मासळी एकही नव्हती.

त्या पऱ्यात घडत होते ते असे. भरतीच्या पाण्याबरोबर कोळंबी तिवरांच्या मुळांत शिरते आणि ओहोटी लागली की पाण्याच्या ओढीने तिला बाहेर यावेच लागते. जिताडा, तांबोशी आणि रावस यांना हे पक्के ठाऊक असते, म्हणून ते पऱ्याच्या तोंडाशी, प्रवाहाच्या आडोशाला डोके आत करून थांबतात आणि वाहत येणारे टिपतात. अशा वेळी त्यांच्यासमोरून सहा इंचांचा चांदीचा मासा प्रवाहाच्या उलट, एकसारख्या वेगाने गेला, तर त्या खाद्याशी त्याचा काही संबंध लागत नाही. दुसऱ्या संध्याकाळी मी तीन इंचांची, तपकिरी रंगाची रबरी कोळंबी हलक्या शिशाच्या डोक्याच्या गळावर लावली, प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकली आणि पाण्यालाच ती खाली नेऊ दिली. मधूनमधून रॉडचे टोक दोन वेळा छोटेसे उडवायचे आणि दोरी सैल सोडायची, एवढेच केले. बिचकलेली कोळंबी शेपटीच्या फटकाऱ्याने मागे उडी मारते आणि मग सावकाश खाली बसते. मासा तिला बहुतेक वेळा ती खाली बसत असताना घेतो. त्या संध्याकाळी दोन मासे लागले. एक हाती आला, दुसऱ्याने कल्ल्याच्या झाकणाच्या धारेवर दोरी कापली. जिताड्याचे ते झाकण ब्लेडसारखे असते, तेव्हा मुख्य दोरीपुढे जाड नायलॉनचा हातभर तुकडा बांधायला विसरू नये.

हाच जिताडा खाडीच्या मुखाशी, भरतीत, बोयींच्या थव्यामागे असतो तेव्हा त्याला माशाच्या आकाराचा लूअर लागतो. बोय अंगाने गोलसर आणि पाठीने रुंद असते, पाण्याच्या वरच्या थरात चालते, आणि एखादी जखमी झाली की थव्यापासून सुटून कडेने अडखळत पोहते. म्हणून चार-पाच इंचांचा, पोटाशी फुगीर, सावकाश ओढला तरी डुलणारा तरंगता लूअर, दोन-तीन हात ओढून क्षणभर थांबवत आणावा. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक धक्के त्या थांबण्याच्या क्षणी बसतात. लूअरच्या तोंडाशी जी पारदर्शक पट्टी असते तिच्याकडेही नवखे लक्ष देत नाहीत. पट्टी लांब आणि पुढे आडवी निघालेली असेल तर लूअर खोल बुडी मारतो, आखूड आणि उभी असेल तर वर राहतो. हातभर पाण्यात खोल जाणारा लूअर टाकला की तो चिखल खणत येतो आणि मासा वर बघत राहतो.

रावसाबद्दल आपल्या लेखात दोनच ओळी होत्या, म्हणून थोडे अधिक लिहितो. या माशाचे नाक पुढे आलेले आणि तोंड खालच्या बाजूला असते, आणि छातीच्या पंखाखाली सुटे धागे असतात, ज्यांनी तो गढूळ पाण्यात चाचपत चालतो. एवढे पाहिले तरी कळते, की याचे बरेचसे खाणे तळाशी आणि नजरेपेक्षा स्पर्शावर चालते. त्याच्या पोटात मला कोळंबी आणि करंदी सर्वांत जास्त सापडली आहे, त्याखालोखाल छोटी मासळी. पाण्याच्या पृष्ठभागावर फटफट आवाज करणारा पॉपर रावसासाठी फेकत बसणे निरर्थक आहे. पातळ शेपटीचा, तळाला टेकत-उठत येणारा रबरी मासा किंवा कोळंबी हीच त्याची वस्तू.

सुरमईचे गणित अगदी वेगळे आहे. ती उघड्या पाण्यातली, नजरेने शिकार करणारी आणि विलक्षण वेगवान. पावसाळ्यानंतर तारली आणि बांगड्याचे थवे किनाऱ्याजवळ येतात तेव्हा ती त्यांच्या मागोमाग असते. तिचे दात कात्रीसारखे चालतात, आणि कित्येकदा ती भक्ष्य मध्येच कापते. अर्धा बांगडा लटकत असलेली दोरी वर काढण्याचा अनुभव इथल्या प्रत्येक दोरीवाल्याला आहे. त्यावरून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे लूअरच्या मागच्या टोकाला गळ असलाच पाहिजे, आणि दुसरी म्हणजे लूअरपुढे वीतभर तार हवी, नाहीतर महागाचा लूअर पहिल्याच धक्क्याला गेला म्हणून समजावे. तिच्यासाठी तारलीच्या लांबीची, अरुंद, चांदीसारखी धातूची पट्टी चांगली चालते, आणि ती जितकी जोरात ओढता येईल तितकी ओढावी. हात थकतो म्हणून पट्टी आपोआप वेगवान दिसू लागत नाही, हे मी तरुणांना नेहमी सांगतो. दगडांच्या टोकांशी फिरणाऱ्या कोकर माशाबद्दलही हेच; तोही घाबरून पळणाऱ्या मासळीवर झेप घेतो, आणि पॉपरचा जो काही उपयोग आहे तो या माशापाशी आहे.

तांबोशी मात्र सहसा घर सोडत नाही. खडकांच्या कपारीत किंवा बुडालेल्या खोडापाशी ती दडून राहते, बहुतेक रात्री खाते, आणि तिच्या पोटात लहान खेकड्यांचे तुकडे हमखास मिळतात. लूअर खोडाच्या वीतभर अंतरात पडला तरच तिचे लक्ष जाते.

आता रंगाविषयी, कारण मूळ सल्ला रंगाचाच होता. नितळ पाण्यात लाल रंग सर्वांत आधी विझतो. काही मीटर खोलीवर लाल डोके माशाला काळपट डागासारखे दिसत असणार. म्हणजे ज्या लाल रंगासाठी आपण लूअर निवडतो तो रंग बहुतेक वेळा दुकानाच्या उजेडापुरताच असतो. नितळ पाण्यात, भर उन्हात, खऱ्या मासळीसारखी चमक आणि काळसर पाठ उपयोगी पडते. पावसाच्या लाल-तपकिरी पाण्यात मला सोनेरी आणि रात्री काळा लूअर अधिक उपयोगी पडला आहे. रात्री खालून वर पाहणाऱ्या माशाला आकाशाच्या उजेडावर काळी आकृतीच सर्वांत ठळक दिसत असावी. शिवाय माशाच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत जी रेघ असते तिने त्याला पाण्यातली हालचाल कळते, म्हणून गढूळ पाण्यात रंगापेक्षा शेपटीची थरथर महत्त्वाची ठरते. मी निवड करताना आधी लांबी पाहतो, मग पाण्यातला थर, मग वेग आणि सर्वांत शेवटी रंग. आपल्या चौकटीत हा क्रम नेमका उलटा होता.

यात खर्चाचाही प्रश्न आहे. गेल्या वर्षी चिपळूणचा एक कॉलेजात शिकणारा मुलगा मला जेटीवर भेटला. त्याच्या पेटीत तीसेक लूअर होते, सगळे पाच इंचांच्या वरचे, सगळे भडक, आणि त्याने ते व्हिडिओ पाहून मागवले होते. आमच्या खाडीत त्या महिन्यात बोटाएवढ्या कोळंबीशिवाय दुसरे काही चालत नव्हते. त्या मुलाचा हिरमोड पाहून मला वाईट वाटले. पाच-सहा लूअर विचारपूर्वक घेतले तर वर्ष निघते, असे मी त्याला सांगितले, आणि माझ्याजवळच्या दोन रबरी कोळंब्या त्याला दिल्या.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. दोन वेळा मला साफ केलेल्या माशाच्या जठरात कुणाचा तरी तुटलेला रबरी मासा मिळाला आहे, फुगून मऊ झालेला, पचण्याचे नाव नसलेला. फाटलेले रबर आणि तुटकी दोरी खडकावर टाकून जाणाऱ्यांना हे आपल्या पुरवणीतून जरूर कळवावे. तसेच जिताडा आयुष्याच्या सुरुवातीला नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. म्हणजे फोटोसाठी हवा असलेला सर्वांत मोठा मासा बहुधा गाभोळीची मादीच असते. तिला फोटो काढून परत सोडता आले तर सोडावे.

आपल्याकडे माझी एक विनंती आहे. आपले वृत्तपत्र रत्नागिरी आवृत्तीत भरती-ओहोटीच्या वेळा रोज छापते, त्याबद्दल आम्ही सगळे ऋणी आहोत. त्या वेळांखाली एकच ओळ वाढवावी: काल बंदरावर कोणती बारीक मासळी आली. तारली, मांदेली, करंदी, बोय, माकूल, जे असेल ते. आपले बातमीदार मासळीचे दर आणायला बंदरावर जातातच, तेव्हा हे विचारायला वेगळा फेरा पडणार नाही. गरवणाऱ्याला त्या ओळीवरून लूअरची लांबी आणि आकार घरूनच ठरवता येईल.

माझ्याकडे गेल्या सहा वर्षांची एक वही आहे. तीत हाती लागलेल्या प्रत्येक माशाची जात, दिवस, पाणी चढते की उतरते आणि पोटात काय निघाले एवढेच लिहिलेले आहे. आपल्याला उपयोगी वाटल्यास तिची झेरॉक्स प्रत पाठवीन.

कळावे, लोभ असावा.

आपला एक वाचक,
दाभोळ, जि. रत्नागिरी