लिंबाला ताण दिला आहे

बडोदे,
२० जून

प्रिय बाळू,
सलाम.

परवा फोनवर तू म्हणालास, "मनू, मी आता वठलेलं झाड आहे," आणि लगेच इकडच्या उकाड्याचं विचारलंस. मीही उकाड्याचंच सांगत बसलो. फोन ठेवल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. असलं बोलणं मला फोनवर जमत नाही, म्हणून लिहितो आहे.

तीस वर्षं शब्बाथ शाळेचा, पोरांना वचन शिकवण्याचा वर्ग चालवलास आणि मंडळीच्या कमिटीने दोन ओळींचं पत्र देऊन तो काढून घेतला. तोंडावर सांगायलाही कोणी आलं नाही. याचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. पण ताईंनी मला वेगळंच सांगितलं, की तू रात्री झोपत नाहीस, ताटावरून उठतोस. त्याची मला जास्त काळजी आहे.

आधी माझ्या अंगणातल्या लिंबाचं सांगतो. मागच्या खेपेला ज्याच्या काट्याने तुझी बाही फाटली, तेच. कागदी लिंबू, बियांपासून केलेलं, आता सातवं वर्ष. पाला असा की दृष्ट लागावी आणि फळ एक नाही. मी रोज संध्याकाळी पाईप लावून त्याला पाणी द्यायचो. एप्रिलात एक म्हातारा माळी बोलावला, मूळचा खानदेशातला. तो बुंध्याशी उकिडवा बसला, मातीत बोट खुपसलं, नाकाशी नेलं आणि म्हणाला, "याला सुख फार झालंय. पाणी तोडा."

मे महिनाभर ताण दिला. आपल्या इथला मे, तुला माहीत आहे. पानं आधी मलूल झाली, मग पिवळी पडून गळायला लागली. रोज संध्याकाळी हात पाईपकडे जायचा आणि मी मागे घ्यायचो. मग तो माळी परत आला, त्याने आळं उकरलं, वरच्या बारीक मुळ्या उघड्या केल्या आणि चार दिवस तशाच उन्हात ठेवल्या. कुदळीखाली एक मुळी कटकन तुटली तेव्हा माझ्या पोटात कालवलं. शेवटी दोन घमेली शेणखत, वर माती आणि मग भरपूर पाणी. याला मृग बहार धरणं म्हणतात, हे तुला नगरकडच्या माणसाला मी काय सांगावं!

त्या संध्याकाळी मी लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय काढला. द्राक्षमळ्यातलं ते अंजिराचं झाड. मालक तीन वर्षं फळ बघायला येतो आणि रिकाम्या हाताने जातो. शेवटी म्हणतो, तोडून टाक, उगाच जागा अडवतंय. माळी म्हणतो, धनी, एवढं वर्ष राहू द्या, मी याच्या भोवती खणतो, खत घालतो. या दाखल्यावर मी लहानपणापासून जितके संदेश ऐकले ते सगळे कुऱ्हाडीवर होते. फळ दे, नाहीतर तोडला जाशील. बाळू, मला वाटतं आपण सगळे मालकाचंच ऐकत बसलो, माळ्याकडे कोणी पाहिलंच नाही. माळी झाडाला एका शब्दाने काही करायला सांगत नाही. खणणार तो, खत वाहणार तो, हात घाण होणार ते त्याचे. आणि प्रभूने गोष्ट तिथेच थांबवली आहे. पुढच्या वर्षी अंजीर आले की नाही, ते सांगितलेलंच नाही.

आणखी एक गोष्ट मला त्या मुळीच्या आवाजाने कळली. मुळाशी कुदळ पडते तेव्हा ती तोडायला आली आहे की खत घालायला, हे झाडाला कळायला काही मार्ग नाही. दोन्ही वेळा कुदळ तीच आणि दुखणंही तेच. कमिटीने जे केलं ते देवाने केलं, असं मी म्हणत नाही. माणसांनी केलेलं माणसांच्याच नावावर राहू दे. मात्र उकरलेल्या त्या मातीत माळी आता काय घालतो आहे, ते तुला आज दिसणार नाही, एवढंच मला म्हणायचं आहे.

तुझ्या झोपेचं ऐकलं तेव्हापासून मनात एलीया संदेष्टा आहे. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय झाला आणि दुसऱ्याच अध्यायात तो रानात एका रतामाच्या झुडपाखाली बसून म्हणतो, देवा, आता पुरे, माझा प्राण घे. रताम म्हणजे वाळवंटातलं काटकुळं झुडूप, सावली असून नसल्यासारखी. तिथेच तो झोपला. देवदूत आला तो एक शब्द रागावला नाही, कर्मेलची आठवण करून दिली नाही, तुझा विश्वास कुठे गेला असं विचारलं नाही. त्याने हात लावून उठवलं आणि सांगितलं, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या. एलीयाने खाल्लं आणि परत झोपला. देवदूत दुसऱ्यांदा आला आणि पुन्हा तेच, ऊठ, खा, कारण वाट तुला झेपणार नाही. मग त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस चालून होरेब डोंगराला पोचला. देव त्याच्याशी जे बोलला ते तिथे, आधी नाही.

१२० व्या स्तोत्रात रतामाच्या निखाऱ्यांचा उल्लेख आहे, ते धगधगीत असतात. ती भाकर त्याच झुडपाच्या लाकडावर भाजली असेल का, असा विचार माझ्या मनात येतो. लिहिलेलं नाही, हे नुसतं माझं मन. ज्याच्या सावलीत मरण मागितलं त्याच्याच निखाऱ्यावरची भाकर. तेव्हा ताई ताट वाढतील तेव्हा उठू नकोस. पुढचं पुढे बघू.

आमच्या घरामागे उंबर आहे, तो तू पाहिला आहेस. शेजारच्या काकू दर गुरुवारी त्याला पाणी घालून दत्ताचं नाव घेतात आणि मी खिडकीतून जक्कय आठवतो, प्रभूला पाहायला उंबरावर चढलेला. यरीहोचा उंबर आपल्या उंबराचा चुलतभाऊ, फळंही तशीच खोडालाच लगडणारी. शलमोन राजाच्या काळी यरुशलेमेत गंधसरू इतके झाले की तळवटीतल्या उंबरांसारखे, असं राजांच्या पुस्तकात आहे. म्हणजे गंधसरू राजवाड्याचं लाकूड आणि उंबर कोणाच्याही बांधावरचा. मुख्य जकातदार, एवढा पैसेवाला माणूस, लोकांदेखत त्या गरिबाच्या झाडावर चढून बसला. प्रभूने नाव घेऊन हाक मारली ती तिथे.

आमोस संदेष्टाही उंबरांची निगा राखणारा होता. त्या जातीच्या फळाला पिकण्याआधी सुरीने छोटी चीर देत. चीर दिली की तीन-चार दिवसांत फळ फुगतं आणि गोड होतं. हे मी वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ तसाच बसलो होतो.

आता एक बोलतो, त्याने तुला थोडं लागेल, पण तू माझं ऐकून घेतोस. तू म्हणालास, "मी नसलो तर त्या पोरांना कोण सांभाळणार?" प्रेषित पौल रोमकरांना लिहिलेल्या पत्रात जैतुनाची, म्हणजे ऑलिव्हच्या झाडाची गोष्ट सांगतो. आपल्याकडे कलम करताना खुंट रायवळचा घेतात आणि त्यावर चांगल्या जातीची काडी बांधतात. पौलाचं नेमकं उलटं आहे. झाड चांगल्या जैतुनाचं आणि त्यावर कलम केलेली फांदी रानटी. हे निसर्गाच्या विरुद्ध आहे, असं तो स्वतःच म्हणतो. आणि त्या फांदीला सांगतो, तू मुळाला धरून ठेवलेलं नाहीस, मुळाने तुला धरलं आहे.

मला हे लवकर पटलं, कारण आमचं घराणंच कलमाचं. आजोबा नगर जिल्ह्यातून सयाजीरावांच्या राज्यात नोकरीला आले आणि इथेच राहिले. घरात मराठी, बाजारात गुजराती, फतेगंजात उपासनेला दोन्ही. ज्या गावाच्या नावातच वड आहे त्या गावाने आम्हाला रुजू दिलं. रुजलो त्यात आमची कर्तबगारी किती, हे मी रोज कमाटीबागेत फिरताना स्वतःला विचारतो. त्या पोरांना तू वचन शिकवलंस. पण त्यांच्यात जो रस चढत होता तो तुझ्यातून येत असला तरी तुझा नव्हता, बाळू. म्हणून तो आटलेलाही नाही.

आणि वयाचं म्हणशील, तर ९२ वं स्तोत्र तूच मला पाठ करायला लावलं होतंस. नीतिमान खजुरीसारखा, म्हातारपणीही फळ देणारा. इस्राएलातल्या मसादाच्या किल्ल्यात १९६० च्या दशकात खजुराच्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या. २००५ साली त्यांतल्या काही पेरल्या आणि एक उगवली. त्या झाडाचं नाव मथुशलह ठेवलं आहे, पवित्र शास्त्रातल्या सगळ्यात जास्त जगलेल्या माणसाचं. तू तर फक्त अडुसष्टचा.

ऑगस्टात ये. विश्वामित्रीला पाणी चढलं तर दोन दिवस जास्त राहावं लागेल, राहा. येताना ते जुनं गीतांचं पुस्तक आण, माझ्याकडच्याची पानं सुटली आहेत. वर्ग नसला म्हणून काय झालं, आमच्या गल्लीतली तीन पोरं रविवारी दुपारी माझ्या ओसरीवर नुसती बसलेली असतात आणि मला गोष्ट सांगता येत नाही.

आज सकाळी लिंबाजवळ गेलो होतो. पेराशी बारीक हिरवं काहीतरी फुटलं आहे. कळी आहे की पानाचाच कोंब, चष्मा लावूनही कळेना. माळ्याला विचारलं तर म्हणाला, आठ दिवस थांबा.

ताईंना सलाम.

तुझा,
मनू