पदवीच्या संध्याकाळपासून पहिल्या पगारापर्यंत

सातारा

चि. ऋचा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या आयआयएमच्या पदवीदान समारंभाला तीन आठवडे राहिले. आजी, बाबा आणि मी, तिघंही येतोय. पाहुण्यांच्या पासांची यादी बंद व्हायच्या आत आमची नावं आधार कार्डावर आहेत तशीच भर. आजीच्या आधारवर माहेरचं नाव मधे आलंय, ते गाळू नकोस. दारावरचा सुरक्षारक्षक यादी आणि ओळखपत्र जुळवूनच आत सोडणार.

अहमदाबादला मार्चअखेरीस सूर्य पावणेसात ते सातच्या दरम्यान मावळतो. समारंभ होतो त्या लुई कान प्लाझाच्या लाल विटांवर शेवटचा तासभर जो उजेड असतो, तो तुझ्या फोटोंसाठी सोन्यासारखा. पण तोवर तुम्ही रांगा लावून बसलेल्या असाल. म्हणून घरच्यांसोबतचे फोटो समारंभाआधी, सावलीच्या बाजूला कमानींपाशी उरकून घे. नंतर अंधार आणि गर्दी दोन्ही असतात, आणि ज्यांच्यासोबत दोन वर्षं काढलीस त्यांच्यातल्या निम्म्या जणी सापडतही नाहीत. पैठणी नेसायची असेल तर पदराला खांद्यावर दोन पिना लाव, एक आतून ब्लाउजला आणि एक वरून. मंचाच्या पायऱ्या चढताना निऱ्या पायात येतात, म्हणून साडी घोट्याच्या जरा वरच नेस. टोकदार टाचांच्या चपला घालू नकोस. प्लाझात हिरवळ आहे, टाच मातीत रुतते आणि ऐन वेळी तोल जातो. आपली कोल्हापुरी उत्तम. मंचावर प्रमाणपत्र हातात आलं की एक क्षण थांब, समोर बघ, मग पुढे हो. घाईने उतरणाऱ्यांचे फोटो पाठमोरे येतात.

प्रमाणपत्राचा मसुदा तपासायला पाठवतात, तेव्हा दहा मिनिटं देऊन नीट वाच. इंग्रजी स्पेलिंग पॅन आणि आधारशी जुळतं का ते बघ. देवनागरीतही नाव छापणार असतील तर 'काळे'चं 'काले' झालेलं नाही ना, हे पहिल्यांदा बघ. हिंदीत काम करणाऱ्यांच्या हातून 'ळ' सहज निसटतो, आणि छपाईनंतरची दुरुस्ती म्हणजे अर्ज, शुल्क आणि काही महिने. प्रमाणपत्र लॅमिनेट करू नकोस. पुढे परदेशी नेमणूक आली आणि अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी प्रमाणीकरण) करायची वेळ आली, तर मूळ कागदावर शिक्का मारावा लागतो आणि लॅमिनेट केलेला कागद परत पाठवतात. नळीत गुंडाळूनही ठेवू नकोस, सपाट फोल्डर घे. गुणपत्रकाच्या सीलबंद प्रती आत्ताच चार-पाच काढून घे, नंतर प्रत्येक प्रतीसाठी अर्ज करावा लागतो. आणि एक लक्षात ठेव, फॉर्म भरताना 'पदवी' लिहायचं, 'पदविका' नाही. आयआयएमना पदवी देण्याचा अधिकार २०१७च्या कायद्याने मिळाला, तो कायदा ३१ जानेवारी २०१८ला लागू झाला. त्याआधीच्या तुकड्यांकडे पदविका आहे, म्हणून जुने सीनियर तुला वेगळं सांगतील.

खोली सोडताना नो-ड्यूजची, म्हणजे काही देणं बाकी नाही याची, सही ग्रंथालयापासून सुरू कर, कारण तिथे एखादं पुस्तक अडकलं की बाकीचं सगळं अडकतं. कॉलेजचा ईमेल कधी बंद होणार ते विचार आणि बँक, डीमॅट, विमा जिथे जिथे तो पत्ता दिलाय तिथे आधी बदल. मेसमधल्या आणि तुमच्या डॉर्मची सफाई करणाऱ्या मंडळींना निघायच्या आदल्या दिवशी पाकीट दे, शेवटच्या सकाळी नको. त्या सकाळी ती माणसं शंभर खोल्या रिकाम्या करण्यात गुंतलेली असतात आणि भेट होतच नाही. प्रत्येकाचं नाव पाकिटावर तुझ्या हाताने लिही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले, ते सांगते. समारंभ आणि पहिला पगार यांच्यामध्ये साधारण तीन महिने आहेत. त्या तीन महिन्यांत तू पैशाबद्दल जे ठरवशील, तेच पुढची दहा वर्षं चालेल. मी रोज कर्जाचेच कागद हाताळते, म्हणून आकड्यांत लिहिते.

तुझ्या नोकरीच्या पत्रावर वर्षाला २८ लाख लिहिलंय. त्याला बाराने भागलं की २ लाख ३३ हजार येतात. तो आकडा डोक्यातून काढून टाक. त्या २८ लाखांत २ लाख जॉइनिंग बोनस आहे, तो एकदाच मिळतो. ४ लाख कामगिरीवर, तेही वर्ष संपल्यावर, आणि पहिल्या वर्षी जेवढे महिने काम तेवढ्या प्रमाणात. कंपनीच्या वाट्याचा पीएफ वर्षाला १,२२,४०० आणि ग्रॅच्युइटी सुमारे ४९,०००. ही ग्रॅच्युइटी पाच वर्षं पूर्ण केल्याशिवाय हातात येत नाही. उरले महिन्याला साधारण १,७०,०००. त्यातून तुझा पीएफ १०,२००, व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००), आणि पूर्ण वर्षाचा पगार धरला तर नव्या करपद्धतीत सध्याच्या दरांनी सुमारे १६,७०० आयकर. खात्यात येणार साधारण १,४३,०००. पहिल्या वर्षी दहाच पगार होतील म्हणून पगारावरचा कर थोडा कमी कापला जाईल, ती रक्कम सवयीत धरू नकोस.

आता कर्ज. पहिल्या जूनमध्ये १२ लाख, दुसऱ्या जूनमध्ये १२ लाख, दर ९ टक्के. कोर्स संपल्यानंतर आणखी १२ महिने हप्ता नाही. 'हप्ता नाही' याचा अर्थ 'व्याज नाही' असा बहुतेक मुलं घेतात, आणि इथेच चूक होते. या काळात सरळ व्याज चढत राहतं, महिन्याला १८,०००. आजवर २ लाख ७० हजार चढलंय. काहीच केलं नाहीस तर पुढच्या मार्चला ते ४ लाख ८६ हजार होईल, मुद्दलात मिसळेल, आणि मग २८ लाख ८६ हजारांवर चक्रवाढ सुरू होईल. दहा वर्षांचा हप्ता पडेल सुमारे ३६,५००.

त्याऐवजी असं कर. जॉइनिंग बोनसमधून कर जाऊन सुमारे १,५८,००० हातात येतील, ते आल्याच्या आठवड्यातच कर्जखात्यात भर. जूनअखेर थकलेलं व्याज ३ लाख २४ हजार असेल, ते १ लाख ६६ हजारांवर येईल. मग जुलैपासून मार्चपर्यंत नऊ महिने दरमहा ३६,५०० भर. यातले १८,००० चालू व्याजाला जातात आणि १८,५०० जुन्या थकबाकीला. मार्चअखेर व्याजाची पाटी कोरी, मुद्दल २४ लाखांवर थांबलेलं, आणि हप्ता ३०,४००. नीट बघ, जो ३६,५००चा हप्ता तुला दहा वर्षं भरावा लागणार होता, तोच नऊ महिने आधी सुरू केला, एवढंच. यासाठी पगारातून वेगळं काही कापावं लागत नाही. फक्त पहिल्या पगाराचा दिवस हप्त्याचाही दिवस करायचा. दोन-तीन महिने १,४३,००० पूर्ण खर्चायची सवय लागली की मग ३६,५०० काढणं फार जड जातं.

वर्षभराने पगार वाढला की हप्ता ४९,८०० कर, कर्ज पाच वर्षांत संपेल. दहा वर्षांत २४ लाखांवर सुमारे साडेबारा लाख व्याज जातं, पाच वर्षांत सहा लाखांच्या आत. बदलत्या दराच्या वैयक्तिक कर्जाला मुदतीआधी फेडण्याचा दंड बँक लावू शकत नाही. कोणी लावू पाहिला तर लेखी माग. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची करवजावट, ज्याला सगळे ८०ई म्हणतात, ती आठ वर्षं मिळते, पण जुन्या करपद्धतीतच. तुझ्याकडे दुसऱ्या मोठ्या वजावटी नाहीत, त्यामुळे त्या एका वजावटीसाठी जुनी पद्धत धरलीस तर करच जास्त जाईल. दोन्हीचा हिशेब एकदा स्वतः मांडून बघ.

बँकेत पत्ता अजून हॉस्टेलचा आहे. तो या महिन्यातच बदल. हप्ता सुरू झाल्याची पत्रं रिकाम्या खोलीत जाऊन पडतात, पहिला हप्ता परत जातो आणि सिबिल बिघडतो. तुझाच नाही, सहकर्जदार म्हणून बाबांचाही. आणि बोनसच्या पत्रातलं परतफेडीचं कलम वाच. वर्षाच्या आत नोकरी सोडली तर बोनस परत द्यायचा असतो, आणि बऱ्याच करारांत कर कापण्याआधीची पूर्ण रक्कम. हातात १,५८,००० आले आणि परत २ लाख द्यायचे, असं होतं.

मुदत विमा ५० लाखांचा घे. तुझ्या वयाला तो स्वस्त आहे आणि कर्जावर बाबांची सही आहे. कॉलेजचा आरोग्य विमा संपतो आणि कंपनीचा रुजू झाल्यावर सुरू होतो, मधले महिने उघडे राहतात. स्वतःची छोटी पॉलिसी आत्ताच घे, कंपनीची नोकरीसोबत जाते.

पुण्यातल्या आधीच्या नोकरीतला यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, नव्या कंपनीला दे, नवा काढू देऊ नकोस. आधी पोर्टलवर बघ की जुन्या कंपनीने तुझी नोकरी सोडल्याची तारीख भरलीय का. ती नसेल तर पीएफची बदली अडते. नोकरी सोडून दोन महिने झाले की ती तारीख सभासदाला स्वतः भरता येते.

मुंबईत घर घेताना मालक म्हणतील, अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावाच लागतो, मग मुदत कितीही असो. तुम्हा दोघींना मिळून ४०,००० भाडं आणि दीड लाख अनामत धरली, तर मुद्रांक अकराशे-बाराशे रुपये आणि नोंदणी १,०००. एवढ्यासाठी दीड लाख जोखमीत टाकायचे नाहीत. किल्ली घेताना भिंतींचे, नळांचे आणि मीटरच्या आकड्याचे फोटो मालकांना पाठव, अनामतीतली कपात तिथेच थांबते.

कामाचं थोडं. पहिले काही महिने तुला बाजारात पाठवणार, हे फार चांगलं आहे. डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे कंपनीचा माल दुकानदारांना पुरवणाऱ्याकडे, गेलीस की आधी त्याच्या पैशाचा हिशेब मांड. समज, महिन्याला २० लाखांची विक्री आणि ५ टक्के मार्जिन, म्हणजे १ लाख. गाडी, सेल्समन, गोडाऊन मिळून ७० हजार गेले, उरले ३० हजार. त्याचे ७ लाख मालात आणि ८ लाख दुकानदारांच्या उधारीत अडकलेत. १५ लाखांवर वर्षाला ३ लाख ६० हजार, म्हणजे २४ टक्के. आता महिनाअखेरीचं टार्गेट गाठायला त्याच्या गळ्यात जास्तीचा माल मारला, तो उधारीवर बाजारात गेला आणि अडकलेली रक्कम २० लाख झाली, की तेच २४ टक्के १८वर येतात. कंपनीकडून त्याला येणं असलेला पैसा, म्हणजे क्लेम, दोन महिने थकला की आणखी खाली. मग तो फोन उचलत नाही आणि कंपनीत सगळे म्हणतात, माणूस ढिला आहे. माणूस ढिला नसतो, त्याचा पैसा अडकलेला असतो. त्याच्या गोडाऊनमध्ये उभं राहून मागच्या रांगेतल्या खोक्यांवरची तारीख बघ. पुढची रांग नेहमी ताजी असते. थकलेल्या क्लेमची यादी त्याच्यासमोर वहीत लिहून घे आणि पुढच्या भेटीला प्रत्येकाचं उत्तर घेऊन जा. अहमदाबादची पदवी तिथे कोणी विचारत नाही, पण क्लेम सोडवणाऱ्या मुलीचं नाव लक्षात ठेवतात.

वर्गाच्या ग्रुपवर पगारांचे आकडे फिरत असतील. तुझं मन खट्टू होतं, हे फोनवर कळतं मला. त्यातले निम्मे आकडे वर लिहिलेत तसेच, एकदाच मिळणारं आणि कधीतरी मिळणारं सगळं धरून सांगितलेले आहेत. तुझी निवड मला मनापासून आवडलीय.

पेढे मी इथून आणते. खव्याचे मऊ पेढे त्या उन्हात दुसऱ्या दिवशी आंबूस होतील, म्हणून भाजलेल्या खव्याचे कंदीच. एका किलोत मध्यम आकाराचे चाळीसेक बसतात, तुझ्या डॉर्मला आणि मेसला मिळून किती किलो लागतील ते मोजून कळव. आजीची खुर्ची कडेला मिळेल असं बघ, तिला मधूनच उठावं लागतं. आणि रुजू व्हायच्या तारखेचं पत्र आलं की त्याची प्रत मला पाठव, बँकेत पत्ता बदलायच्या अर्जाला जोडायला लागेल.

तुझी,
आई