टी-५५ च्या डब्याबरोबर आई-बाबांना पत्र

पुणे, २५ मार्च

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

डबा पोचला असेल. आत टी-५५ रणगाड्याचं प्लास्टिकचं, सुटे तुकडे जोडून करायचं मॉडेल आहे, १/३५ मापाचं. खऱ्याचे ३५ सेंटिमीटर म्हणजे इथला एक, त्यामुळे नुसतं धड साडेअठरा सेंटिमीटरच्या आसपास भरेल. बाबा, लोको शेडात तुम्ही आयुष्यभर फिटिंग केलंत, तुम्हाला जुळणी मी काय शिकवणार! प्लास्टिक लोखंडापेक्षा कुठे वेगळं वागतं, तेवढंच लिहिते.

आधी तुकडे ज्यांना जोडलेले आहेत त्या सगळ्या फ्रेमा भांड्यांच्या लिक्विडनं कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. तुकडा साच्यातून सुटावा म्हणून लावलेलं तेल राहून गेलं, तर पुढे रंग पापुद्र्यासारखा निघतो. तुकडा एका दमात अंगालगत कापायचा नाही. सोबतच्या निपरनं पहिला काप लांबून, दुसरा जवळून. मग उरलेला कण ४०० आणि ६०० च्या पॉलिश पेपरनं घासायचा. एकदम जवळून कापलं की प्लास्टिक तिथे पांढरं पडतं, कधी खड्डाही पडतो.

बाटलीतलं पातळ सिमेंट फेविकॉलसारखं लावून दाबायचं नसतं. दोन तुकडे कोरडेच जुळवून धरायचे आणि ब्रशचं टोक फटीला नुसतं टेकवायचं. द्रव आपोआप आत ओढला जातो. ते प्लास्टिक विरघळवून जोडतं, वेल्डिंगसारखं. फटीवर बोट असेल तर द्रव बोटाखाली पसरतो आणि ठसा कायमचा उमटतो. जोड घासण्याआधी पूर्ण एक दिवस थांबा. घाई केली तर आतलं ओलं प्लास्टिक नंतर आकसतं आणि घासून सपाट केलेल्या जागी चर पडते. फट भरायला पुट्टी आणू नका. फ्रेमचे बारीक तुकडे थोड्याशा सिमेंटमध्ये रात्रभर विरघळवले की त्याच प्लास्टिकचा लगदा तयार होतो. हार्डवेअरच्या दुकानातला नाइट्रो थिनर मात्र जवळही आणू नका, पृष्ठभाग खाऊन टाकतो.

चाकांच्या बाबतीत मी हट्टी आहे. दर बाजूला पाच जोडचाकं, त्यात पहिल्या आणि दुसऱ्यामधलं अंतर जास्त. टी-५५ ओळखायची खूणच ती. दात असलेलं चाक मागे येतं. चाकांचे दांडे चिकटवले की धड लगेच काचेवर ठेवा आणि दहाही चाकं काचेला टेकतात का बघा. सिमेंट ओलं आहे तोवरच दुरुस्ती होते. ट्रॅकची, म्हणजे चाकांभोवतीच्या कड्यांच्या पट्ट्याची, वरची ओळ ताठ दिसली की सगळं खेळणं वाटतं. टी-५५ ला वर ट्रॅक पेलणाऱ्या वेगळ्या पुल्या नाहीत, म्हणून तो थेट चाकांवर पडतो आणि दोन चाकांच्या मधे झोळ घेतो. कड्या सरळ पट्टीला लावून जोडा, वीस-पंचवीस मिनिटांनी त्या जुळलेल्या पण लवचिक असतील. तेव्हाच चाकांवर गुंडाळा आणि वरून बोटानं हलका झोळ द्या.

आता हा रणगाडा आपला कसा करायचा ते. १९७१ च्या पाकिस्तानबरोबरच्या युद्धात, डिसेंबरात, जम्मूकडच्या छांबला, मुनव्वर तवी नदीच्या काठी, दोन्ही बाजूंना एकाच घाटाचे रणगाडे होते: आपले टी-५४, टी-५५ आणि पलीकडे पाकिस्तानचे चिनी टाइप ५९. दुरून फरक कळेना, म्हणून आपल्या रणगाड्यांच्या तोफेवर मध्यभागी एक खोटा फुगवटा बसवला. खरा, म्हणजे नळीतला धूर बाहेर काढणारा, तोंडाजवळ असतो, तो तसाच ठेवायचा. खोट्यासाठी वहीच्या कागदाची पट्टी तोफेभोवती घट्ट गुंडाळा, दर वेढ्याला फेविक्विकचा थेंब. तीन-चार वेढ्यांनंतर कडा घासून गोल करा. पेनच्या रिफिलची नळी वापरायचा मोह होईल, पण तिच्या प्लास्टिकला सिमेंट धरतच नाही.

टरेट, म्हणजे तोफ बसवलेला वरचा फिरता भाग, ओतीव पोलादाचं, धड मात्र प्लेटांचं. म्हणून खडबडीतपणा फक्त टरेटवर हवा. सिमेंटचा हात मारून जुन्या दातब्रशच्या ताठ केसांनी ठोकत राहा, मग ६०० नं टोकं मोडा. ओतकामाची कातडी कशी दिसते हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?

आई, तळाची माती तू बघ. आपली काळी माती नको. एक तर ती छांबची नाही, आणि वाळताना तिला भेगा पडतात, त्या या मापात दरीएवढ्या दिसतात. तापीची रेती चहाच्या गाळणीतून गाळ आणि पाणी घातलेल्या फेविकॉलवर भुरभुर. चार-दोन बारीक गोटे असू देत. रणगाड्यावर हातानं धरायच्या दांड्या करायला जळालेल्या मोटरच्या वायंडिंगची तार उत्तम, ती बाबांच्या डब्यात सापडेल.

रंगाला आत्ता हात लावू नका. आपल्याकडच्या उन्हात स्प्रेचा थेंब हवेतच वाळतो आणि पृष्ठभाग रवाळ होतो. कुलर लावला तर उलटं: हवा दमट, थिनर उडताना पृष्ठभाग गार होऊन त्यावर बाष्प धरतं आणि रंग पांढुरका पडतो. पहाटे सहाच्या सुमाराला, कुलर बंद करून, पातळ तीन हात. ते आखाजीला मी आले की करू, ऑलिव्ह ग्रीनचे डबे घेऊनच येते. तोवर मॉडेल पत्र्याखाली किंवा गच्चीवर ठेवू नका, उन्हानं तोफ वाकते. वाकलीच तर गरम पाण्यात धरून सरळ करा आणि लगेच गार पाण्यात बुडवा.

टरेट धडाला चिकटवायचं नाही, ते फिरतं राहू दे. ट्रॅक झाले की आई, बाजूनं एक फोटो पाठव, वरच्या ओळीचा झोळ दिसेल असा.

तुमची लेक