समांतर विश्वातले सिलिंडर कोणी कोरले?

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत समांतर विश्वांवरच्या विज्ञानकथा अधूनमधून येतात आणि त्या मी आवडीने वाचतो. त्यांतील तंत्रज्ञानाच्या प्रगतीबद्दल मात्र एक तक्रार आहे. इतिहासातली एखादी लढाई वेगळी झाली, की पलीकडची माणसे ‘आपल्यापेक्षा दोनशे वर्षे पुढे’ नाही तर ‘शंभर वर्षे मागे’ असतात. जणू सर्व विश्वांना रूळ एकच आहे आणि गाड्या तेवढ्या वेगवेगळ्या स्थानकांवर उभ्या आहेत.

अलेक्झांड्रियाच्या हीरोने इसवी सनाच्या पहिल्या शतकात वाफेने फिरणाऱ्या पोकळ गोळ्याचे वर्णन लिहून ठेवले. त्या आधारावर रोमन साम्राज्यात आगगाडी धावली असती, ही कल्पना मोहक खरी. पण जेम्स वॉटला वाफेच्या इंजिनातल्या वेगळ्या संघनकाचे (वाफ थंड करून तिचे पाणी करणाऱ्या भागाचे) पेटंट १७६९ मध्ये मिळूनही त्याची इंजिने कामाला लागायला १७७६ साल उजाडले, आणि या विलंबाचे एक मोठे कारण म्हणजे दट्ट्या घट्ट बसेल इतके अचूक सिलिंडर कोणाला करता येत नव्हते. ती अडचण सोडवली जॉन विल्किन्सनने, तोफांच्या नळ्या कोरण्याच्या अनुभवातून. त्याने कोरलेल्या ५० इंच व्यासाच्या सिलिंडरमध्ये जुन्या शिलिंगच्या नाण्याच्या जाडीएवढाही फरक कुठे नाही, असे वॉटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन याने लिहिले आहे. तेव्हा ज्या जगात तोफाच नाहीत, तिथे ही कोरण्याची कला कुठून आली, हे लेखकाने सांगायला हवे. आमचे लेखक युद्धे खुशाल वगळतात आणि रेल्वे तेवढी ठेवून देतात.

याउलट एकोणिसाव्या शतकातला इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेज याच्या गणनयंत्राची गोष्ट. त्या काळची कारागिरी अपुरी पडली, असे पुष्कळदा म्हटले जाते. परंतु लंडनच्या सायन्स म्युझियमने त्याच्या आराखड्यांवरून, एकोणिसाव्या शतकात साधणारी अचूकता राखून, १९९१ मध्ये त्याच्या दुसऱ्या ‘डिफरन्स इंजिन’चा गणन करणारा भाग उभा केला आणि तो चालला. इथे कमी पडले ते पैसे आणि धीर. (शिवाय बॅबेजचे कारागिराशी भांडण झाले होते, हे कथाकाराच्या फारच उपयोगाचे.) म्हणून व्हिक्टोरियन काळात दातेरी चाकांवर आकडेमोड करणारे विश्व मला रोमन आगगाडीपेक्षा कितीतरी पटण्यासारखे वाटते, फक्त ते यंत्र कोष्टके तयार करणारे होते, आजच्यासारखा संगणक नव्हे, एवढे भान ठेवावे.

अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेटने १९५७ मध्ये मांडलेल्या अनेक विश्वांच्या कल्पनेत सगळेच घडते, हा बचाव मला मान्य नाही. त्या सर्व विश्वांत निसर्गनियम तेच असतात. लोखंड तिथेही तेवढ्याच तापमानाला वितळते.

एक विषय सुचवतो. १८९९ मध्ये कामिय जेनात्सीच्या विजेच्या मोटारीने ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडला होता. १९१२ मध्ये पेट्रोलच्या मोटारीला विजेवर चालणारा स्टार्टर मिळाला आणि हाताने दांडा फिरवण्याचा त्रास संपला. तो स्टार्टर जमलाच नाही आणि मोटारी विजेवरच धावत राहिल्या, अशा विश्वातली कथा कोणी लिहिली तर आपण ती जरूर छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक